चेक पुनरुज्जीवन: व्याकरण, शब्द, जुनी लिपी आणि एक बनावट हस्तलिखित

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६२० नंतर चेक भाषा जवळजवळ मेली आणि एकोणिसाव्या शतकात मूठभर विद्वानांनी ती शब्दकोशातून पुन्हा घडवली, हे खरं का? शब्द कसे बनवले? बनावट हस्तलिखितांची भानगड काय? आणि १८००–१८५० मधली चेक पुस्तकं स्कॅनवरून वाचायची, तर आजची चेक पुरते का?

पहिल्या भागाचं उत्तर: मेली नव्हती. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळच्या बीला होराच्या लढाईत हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध उठलेले चेक सरदार हरले. २१ जून १६२१ ला त्यांच्या २७ म्होरक्यांना प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकात देहान्त शिक्षा झाली. १६२७ च्या नव्या राज्यनियमांनी कॅथलिक सोडून बाकी पंथांना बंदी केली आणि जर्मनला चेकच्या बरोबरीचा दर्जा दिला. बरोबरी कागदावरची, कारण सत्ता, जमीन आणि पैसा हळूहळू जर्मन बोलणाऱ्यांकडे गेला. कोमेन्स्कीसारखे (कोमेनियस) विद्वान प्रोटेस्टंट होते, त्यांना देश सोडावा लागला. पुढच्या दीडशे वर्षांत कचेरी, दरबार आणि विद्यापीठ जर्मन-लॅटिनमध्ये गेलं. चेक उरली ती शेतात, बाजारात, गिरणीवर, चर्चमधल्या प्रवचनात आणि स्तोत्रांत. लाखो लोक ती रोज बोलत होते. पेरणीपासून बारशापर्यंत तिचं काही अडत नव्हतं. अडायचं ते तर्कशास्त्र, रसायन, कायदा, कादंबरी किंवा खानदानी दिवाणखान्यातलं संभाषण चेकमध्ये करायला गेलं की. म्हणजे तळमजला शाबूत होता, वरचे मजले पडले होते. हे धरून चाललं की पुढचा सगळा खटाटोप नीट कळतो.

मधल्या काळाला पुढच्या पिढ्यांनी ‘अंधार’ म्हटलं, त्यात बरीच अतिशयोक्ती आहे. त्या काळातही चेकमध्ये स्तोत्रसंग्रह, संतचरित्रं आणि पंचांगं छापली जात होती. बोहुस्लाव बाल्बीन या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) पाद्र्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चेक भाषेची कैफियत लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती, पण ती छापायला १७७५ साल उजाडलं. छापली पेल्त्सलने, ज्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

सुरुवातीचा धक्का खुद्द व्हिएन्नाच्या सरकारकडून आला, आणि तो चेकवरच्या प्रेमापोटी नव्हता. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना हाताखालच्या चेक शिपायांशी बोलता यावं म्हणून १७५२ मध्ये वीनर नॉयश्टाटच्या लष्करी अकादमीत चेक शिकवायला सुरुवात झाली. १७७५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात तिचं अध्यापन सुरू झालं. १७७४ च्या शाळासुधारणेनं गावोगाव मुलं अक्षर ओळखू लागली. १७८१ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने शेतकऱ्याची जमिनीशी बांधलेली गुलामगिरी काढली आणि इतर ख्रिस्ती पंथांना मोकळीक देणारं सहिष्णुतेचं फर्मान काढलं. मग खेड्यातला चेक तरुण मालकाची परवानगी न घेता शहरात जाऊ शकला, शिकू शकला, धंदा करू शकला. हाच योसेफ कारभार जर्मनमध्ये एकवटत होता. १७८४ मध्ये प्रागच्या विद्यापीठात लॅटिनच्या जागी जर्मन आली. एका हाताने वाचक तयार केले आणि दुसऱ्या हाताने त्यांना डिवचलं, असा तो प्रकार. १७९३ मध्ये त्याच विद्यापीठात पेल्त्सल चेकचा पहिला प्राध्यापक म्हणून उभा राहिला.

आता व्याकरण. योसेफ दोब्रोव्स्की (१७५३–१८२९) हा या सगळ्यांतला सर्वांत कसलेला विद्वान. गंमत अशी की त्याचे मोठे ग्रंथ जर्मन आणि लॅटिनमध्ये आहेत. चेक पुन्हा उच्च साहित्याची भाषा होईल यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तो भाषेकडे पदार्थविज्ञानासारखं बघायचा. १८०९ च्या त्याच्या व्याकरणाने लेखी चेकचा साचा ठरला. साचा ठरवताना त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: समोर बोलली जाणारी चेक घ्यायची, किंवा सोळाव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे क्रालित्से बायबलच्या (त्या काळचं प्रोटेस्टंट चेक भाषांतर) आणि प्रागच्या वेलेस्लावीनच्या छापखान्याच्या काळातली घोटीव भाषा घ्यायची. त्याने दुसरी घेतली. कारणं वजनदार होती. ती भाषा छापील होती, प्रतिष्ठित होती, तिच्यात मोठमोठी वाक्यं तोलून धरायची ताकद होती, आणि बोहेमिया (चेक भूमीचा पश्चिम भाग) असो वा मोराव्हिया (पूर्व भाग), कुणालाच ती परकी वाटत नव्हती.

किंमत मात्र आजवर मोजावी लागते. मधल्या काळात बोहेमियातली बोली पुढे सरकली होती. ‘असणे’ला लेखी रूप ‘बीत’, बोलण्यात ‘बेयत’. खिडकी लेखीत ‘ओक्नो’, बोलण्यात ‘वोक्नो’. ‘चांगल्या माणसांबरोबर’ लिहायचं तर ‘स दोब्रीमी लिद्मी’, पण प्रागच्या ट्राममध्ये कानावर पडतं ‘स दोब्रेयमा लिदमा’. हा नुसता उच्चाराचा फरक नाही, प्रत्यय वेगळे आहेत. चेक शिकणारा पुस्तकातून तयार होतो आणि पहिल्याच दिवशी खानावळीत गोंधळतो, त्याचं मूळ १८०९ च्या या निवडीत आहे. माझ्या मते निवड बरोबर होती. बोलीवर साचा बसवला असता, तर कुठली बोली यावर मोराव्हियाशी भांडण जुंपलं असतं आणि सोळाव्या शतकातला साठा हातचा गेला असता.

विद्वान ग्रंथ लिहीत असताना वाचक घडवायचं काम वात्स्लाव मात्येय क्रामेरिउसने केलं. त्याने चेक वर्तमानपत्र चालवलं आणि १७९० मध्ये ‘चेस्का एक्स्पेदित्से’ नावाचं प्रकाशनगृह-कम-दुकान काढलं. पंचांगं, प्रवासवर्णनं, जुन्या कथा, शेतकऱ्यांसाठी सल्ल्याची पुस्तकं, सगळं साध्या चेकमध्ये. १७८६ मध्ये आजच्या वेन्सेस्लास चौकात लाकडी फळ्यांचं ‘बोउदा’ नाट्यगृह उभं राहिलं. शब्दशः अर्थ ‘खोपटं’. तीन वर्षांत ते पाडलं गेलं, पण चेक नाटकाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे, हे तोवर सिद्ध झालं होतं. चळवळीच्या इतिहासात ही माणसं तळटीपेत जातात, ते अन्यायाचं आहे. युंगमानचा कोश विकत घेणारा माणूस क्रामेरिउसच्या पंचांगावर वाढलेला होता.

योसेफ युंगमान (१७७३–१८४७) हा वरचे मजले बांधणारा. मूळचा हुद्लित्से गावच्या गरीब घरातला. १७९९ पासून लितोम्येर्झित्सेच्या शाळेत शिकवायचा आणि चेकचे वर्ग फुकट घ्यायचा. त्याने हेतुपुरस्सर अवघड पुस्तकं भाषांतराला घेतली: १८०५ मध्ये शातोब्रियाँची ‘आताला’, १८११ मध्ये मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’. स्वर्ग, नरक, देवदूतांच्या फौजा आणि तत्त्वचर्चा, हे सगळं पेलेल एवढा शब्दसंग्रह चेकमध्ये आहे का, याची ती परीक्षाच होती. जिथे नव्हता तिथे त्याला तो उभा करावा लागला. पुढे १८३४ ते १८३९ मध्ये त्याचा चेक-जर्मन कोश पाच खंडांत आला, सुमारे १,२०,००० शब्दांचा.

शब्द आणायच्या त्याच्या तीन वाटा होत्या. एक, जुन्या चेक ग्रंथांतून विसरलेला शब्द उचलायचा. दोन, शेजारच्या स्लाव भाषांतून घ्यायचा, पण ध्वनी चेक करून. हवेसाठीचा ‘वझ्दुख’ आणि निसर्गासाठीचा ‘प्रझीरोदा’ रशियनमधून आले. वस्तू किंवा विषय या अर्थाचा ‘प्रझेदम्येत’ आणि मोहकतेसाठीचा ‘पूवाब’ पोलिशमधून. तीन, चेक धातूला चेक प्रत्यय लावून नवा शब्द पाडायचा. दुसऱ्या वाटेचा फायदा असा की रशियन-पोलिश शब्दांचे धातू बहुधा चेकशी सख्खे असतात, त्यामुळे शब्द उपरा वाटत नाही. जर्मन शब्दाचं शब्दशः रूपांतर मात्र लगेच ओळखू येतं. ‘प्रझीरोदा’ची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. जुन्या चेकमध्ये निसर्गाला ‘प्रझिरोझेनी’ म्हणत. नवा शब्द रुळल्यावर जुना शब्द आक्रसत गेला आणि आज त्याचा अर्थ फक्त ‘गुप्तांग’ उरला आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मग्रंथात ‘मानवी प्रझिरोझेनी’ असं आलं की नवशिक्या भाषांतरकाराची पंचाईत होते. तिथे ‘मानवी स्वभाव’ असंच वाचायचं.

शास्त्रीय परिभाषेत सर्वांत पद्धतशीर काम यान स्वातोप्लुक प्रेस्लचं (१७९१–१८४९). हा वनस्पतिशास्त्र आणि रसायन दोन्हीकडचा. १८२१ पासून ‘क्रोक’ हे शास्त्रीय नियतकालिक चालवलं, आणि १८२८ पासून त्याचा चेकमधला रसायनग्रंथ खंडाखंडाने निघाला. मूलद्रव्यांसाठी त्याच्या परिभाषेत एकच प्रत्यय आहे, ‘-ईक’. वोदा म्हणजे पाणी, म्हणून हायड्रोजन ‘वोदीक’. किसेली म्हणजे आंबट, म्हणून ऑक्सिजन ‘किस्लीक’. गुदमरवणे या धातूवरून नायट्रोजन ‘दुसीक’. कोळशावरून कार्बन ‘उह्लीक’, चिकणमातीवरून ॲल्युमिनियम ‘ह्लिनीक’, चुन्यावरून कॅल्शियम ‘वापनीक’. हे सगळे आजही शाळेत चालतात.

त्याच प्रत्ययाचे बरेच शब्द मात्र पडले. क्लोरीनला मिठावरून ‘सोलीक’, आयोडीनला समुद्रशैवालावरून ‘खालुझीक’, फॉस्फरसला हाडावरून ‘कोस्तीक’, कोबाल्टला ‘द्यासीक’ (द्यास म्हणजे सैतान, मूळ जर्मन नावातही खाणीतलं भूतच आहे), युरेनियमला आकाशावरून ‘नेबेस्नीक’. हे कुणीच वापरत नाही. काही टिकले आणि काही का नाही, याचा ठोकताळा असा दिसतो: पाणी, चुना, कोळसा, माती ही रोजच्या हाताळणीतली, त्यांच्यावरून आलेलं नाव पोराला न शिकवता समजतं. आयोडीन, कोबाल्ट, युरेनियम यांच्याशी सामान्य माणसाचा संबंध औषधाच्या दुकानात किंवा कारखान्यातच येणार, आणि तिथे आंतरराष्ट्रीय नावच चिठ्ठीवर असतं. ‘कोस्तीक’ला बहुधा ‘फोस्फोर’च्या आगपेटीने मारलं.

प्रेस्लने सुरू केलेली आणि पुढच्या पिढ्यांनी पुरी केलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे: संयुगाच्या नावातल्या प्रत्ययावरूनच मूलद्रव्याचा ऑक्सिडीकरण अंक कळतो. एक ते आठ असे प्रत्यय लावले आहेत. सोडियमचा ऑक्साइड ‘सोदनी’, म्हणजे १. कॅल्शियमचा ‘वापेनाती’, म्हणजे २. ॲल्युमिनियमचा ‘ह्लिनिती’, ३. कार्बन डायऑक्साइड ‘उह्लिचिती’, ४. फॉस्फरसचा ‘फोस्फोरेच्नी’, ५. गंधकाचा ‘सीरोव्ही’, ६. मँगेनीजचा ‘मांगानिस्ती’, ७. ऑस्मियमचा ‘ओस्मिचेली’, ८. चेक विद्यार्थी हे पाढ्यासारखे पाठ करतात आणि नाव ऐकून सूत्र लिहितात. रोमन आकडा कंसात टाकायची गरजच पडत नाही. भाषेच्या अभिमानातून निघालेली एखादी गोष्ट निव्वळ सोय म्हणून दोनशे वर्षं टिकते, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळायचं नाही.

फसलेल्यांत तर्कशास्त्राचंही नाव आहे. आन्तोनीन मारेकने १८२० मध्ये ‘लोगिका’ला जोडून ‘उम्नित्से’ असा शब्द पुस्तकाच्या नावातच दिला. चेकमध्ये आज ‘लोगिका’च आहे. रसायनाचं ‘लुच्बा’ जाऊन ‘खेमिये’ राहिलं. रुमालाला ‘नोसोचिस्तोप्लेना’ (नाक-पुसायचं-फडकं) म्हणायचे, असा विनोद चेक लोक या पिढीच्या नावावर हमखास सांगतात. तो युंगमानच्या माथी मारू नका. असल्या बोजड शब्दांचा शौक आधीच्या शतकांतल्या अतिशुद्धिवाद्यांचा, आणि त्यांतलेही बरेच नमुने टिंगलीसाठी रचलेले आहेत. युंगमान-प्रेस्ल पिढीचा कान त्यापेक्षा बरा होता.

शब्दांइतकाच वाद छंदावर झाला. चेकमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे त्यापासून वेगळं चालतं. त्यामुळे दोन्ही पाया शक्य आहेत. दोब्रोव्स्कीने १७९५ च्या सुमारास आघाताचा पाया धरला. १८१८ मध्ये तरुण पालात्स्की (पुढे इतिहासकार) आणि शाफारिक (स्लाव भाषांचा अभ्यासक) यांनी नाव न देता पुस्तिका छापून उलट मांडलं: ग्रीक-लॅटिनसारखं दीर्घ-ऱ्हस्वावर चाला. आपल्या अक्षरगणवृत्ताच्या लघु-गुरूची सवय असलेल्या वाचकाला त्यांचं म्हणणं पटेल. अडचण अशी की चेक कानाला आघात ऐकू यायचा थांबत नाही. गुरू एकीकडे, आघात दुसरीकडे, अशी ओढाताण होते. शेवटी आघाताचा पक्ष जिंकला.

मग नवी अडचण. पहिल्या अक्षरावरच आघात असेल तर हलकं अक्षर मग आघाताचं, हलकं मग आघाताचं, अशी चढती चाल कशी आणायची? कारेल हिनेक माखाने १८३६ च्या ‘माय’ (मे महिना) या काव्यात त्याचं उत्तर दिलं. पहिली ओळ: ‘बिल पोझ्द्नी वेचेर – प्र्व्नी माय’, म्हणजे उशिराची संध्याकाळ होती, मेचा पहिला दिवस. सुरुवातीला ‘बिल’ हा एकाक्षरी, हलका शब्द. मग पोझ्, वे, प्र्व् यांवर आघात पडत जातो आणि शेवटी ‘माय’वर ओळ थांबते. एका एकाक्षरी शब्दाने सगळी ओळ अर्धं पाऊल पुढे ढकलली. चेक कवितेत चढत्या चालीच्या ओळी एकाक्षरी शब्दांनी सुरू होताना इतक्या वेळा का दिसतात, त्याचं कारण हेच. पुस्तक त्याने स्वखर्चाने काढलं, समकालीनांना ते फार खिन्न आणि पुरेसं देशभक्त नाही असं वाटलं, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, २६ वर्षांचा व्हायच्या आत, तो लितोम्येर्झित्सेत गेला. १८५८ मध्ये लेखक नेरुदाच्या पिढीने आपल्या वार्षिक अंकाला ‘माय’ हेच नाव दिलं.

माखा हा मुळात ‘इग्नात्स’. त्याचं चेक ‘हिनेक’ केलं. सुरुवातीच्या कविता जर्मनमध्ये. त्या काळी ही अपवादाची गोष्ट नव्हती. सोकोल व्यायामसंघाचा संस्थापक तिर्श जन्माने फ्रिडरिश एमानुएल टिर्श. पालात्स्कीच्या बोहेमियाच्या इतिहासाचा पहिला खंड १८३६ मध्ये जर्मनमध्ये निघाला, चेक आवृत्ती १८४८ पासून. म्हणून ‘चेक विरुद्ध जर्मन’ हे दोन तयार गट समोरासमोर उभे होते, असं चित्र रंगवू नये. बऱ्याच जणांनी वयाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी भाषा निवडली. प्रेस्लचं ‘स्वातोप्लुक’, लेखिका रेत्तिगोव्हाचं ‘दोब्रोमिला’, ही मधली नावंही बारशाची नाहीत, चळवळीत घेतलेली आहेत.

याच रेत्तिगोव्हाबाईंचं १८२६ चं पाकपुस्तक मी या काळाच्या महत्त्वाच्या पुस्तकांत धरतो. त्या स्वतः जर्मन बोलणाऱ्या घरात वाढल्या होत्या आणि चेक नंतर शिकल्या. सधन घरांत स्वयंपाकाची भाषा जर्मन होती. मालकीणबाईंनी चेक पुस्तकावरून सूप आणि भाजणं करायला घेतलं की भाषा दिवाणखान्यात शिरते, हे त्यांनी ओळखलं होतं. १८४० च्या दशकात प्रागमध्ये चेक नृत्यसमारंभ भरू लागले, त्यामागचा हिशोब तोच: निमंत्रणपत्र चेक, संभाषण चेक. बोझेना न्येम्त्सोव्हाची ‘बाबिच्का’ (आजी, १८५५) ही कादंबरी या सगळ्याचं पक्व फळ आहे. तिच्यात परिभाषा नाही, आजीची घरगुती चेक आहे, आणि ती कुठेही तोकडी पडत नाही.

आता हस्तलिखितं. १६ सप्टेंबर १८१७ ला वात्स्लाव हान्का या भाषाभ्यासकाला द्वूर क्रालोव्हे गावच्या चर्चच्या मनोऱ्यात तेराव्या शतकातली म्हणवली गेलेली चेक काव्यं ‘सापडली’. पुढच्या वर्षी नव्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थापकांकडे निनावी टपालाने आणखी जुनं म्हणवलेलं बाड आलं, ज्यात दंतकथेतल्या राणी लिबुशेचा न्यायनिवाडा होता. पहिल्यावर दोब्रोव्स्कीनेही विश्वास ठेवला. दुसरं त्याने १८२४ मध्ये जाहीरपणे बनावट ठरवलं आणि त्याबद्दल देशद्रोहीपणाची बोलणी खाल्ली. लोकांना ते हवं होतं, हे खरं कारण. जर्मनांकडे निबेलुंग, रशियनांकडे इगोर ही जुनी वीरकाव्यं, मग आपल्याकडे का नको?

निकाल १८८६ मध्ये लागला. तोमाश मासारिकच्या (पुढे चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष) ‘आथेनेउम’ मासिकात भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउएरने दाखवलं की या मजकुरातली व्याकरणाची रूपं अस्सल जुन्या चेकपासून शेकडो ठिकाणी ढळतात, आणि ढळतात ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जी माहिती होती तिच्या दिशेने. म्हणजे बनवणाऱ्याला जेवढं जुनं व्याकरण ठाऊक होतं तेवढंच मजकुराला ठाऊक आहे. खोटं पकडायची ही पद्धत आजही शिकवण्यासारखी आहे. कागद-शाई जुनी मिळवता येते, पण पुढे लागणार असलेले व्याकरणाचे शोध आधीच वापरता येत नाहीत.

व्यवहारात याचा त्रास असा होतो: युंगमानच्या कोशात या हस्तलिखितांतले शब्द अस्सल म्हणून नोंदले आहेत. हान्काने ‘मातेर व्हेर्बोरुम’ या मध्ययुगीन लॅटिन कोशातही चेक टिपा घुसडल्या होत्या. आदोल्फ पातेराने १८७७ मध्ये त्या वेगळ्या काढल्या. त्या बनावट टिपांवरून स्लाव देवदेवतांची नावं पुस्तकापुस्तकांत पसरली आहेत. कोशात एखाद्या शब्दाला फक्त याच दोन-तीन ठिकाणांचा आधार दिसला, तर तो जुना चेक शब्द म्हणून वापरू नका, १८१७ चा म्हणून वापरा. त्यातले काही शब्द आणि ‘लुमीर’, ‘झाबोय’सारखी नावं पुढे खरोखर भाषेत रुळली, ती गोष्ट वेगळी.

पैसा आणि संघटना यांबद्दल थोडक्यात. संग्रहालय १८१८ मध्ये स्थापन झालं, सरदारांच्या पैशावर. १८२७ पासून पालात्स्कीने त्याचं नियतकालिक दोन भाषांत काढलं. जर्मन आवृत्ती १८३१ मध्ये बंद पडली, चेक चालू राहिली. त्याच वर्षी वर्गणीवर चालणारी ‘मातित्से चेस्का’ ही प्रकाशनसंस्था निघाली आणि युंगमानचा कोश छापणं तिच्यामुळेच जमलं. सरदाराच्या मर्जीवरून वर्गणीदाराच्या खिशावर येणं, हा खरा टप्पा. इतिहासकार मिरोस्लाव ह्रोख याला अभ्यास, प्रचार आणि जनचळवळ अशा तीन पायऱ्या म्हणतो. चेक बाबतीत तिसरी पायरी १८४८ ला धरतात. स्लोव्हाकांशी फाटलं ते याच दशकात. कवी कोलार आणि शाफारिक हे स्लोव्हाक असूनही चेकमध्ये लिहीत, पण १८४३ मध्ये स्लोव्हाक नेता श्तूरने मध्य स्लोव्हाक बोलीवर वेगळी लेखी भाषा उभी केली. दोब्रोव्स्कीचा सोळाव्या शतकाचा साचा तिथल्या कॅथलिकांना कधीच आपला वाटला नव्हता.

वर्गणीची कमाल दिसली ती राष्ट्रीय नाट्यगृहात. १६ मे १८६८ ला पायाचे दगड बसले, त्यांत दंतकथेतल्या आद्य चेकच्या र्झिप टेकडीचा दगड होता. ११ जून १८८१ ला संगीतकार स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने पडदा उघडला, १२ ऑगस्टला आग लागली, आणि ४७ दिवसांत सुमारे १० लाख गुल्डन जमले. १८ नोव्हेंबर १८८३ ला पुन्हा ‘लिबुशे’नेच सुरुवात. या ऑपेराची संहिता योसेफ वेन्त्सिगने आधी जर्मनमध्ये लिहिली होती, मग एर्वीन श्पिंडलरने तिचं चेक केलं.

शेवटी, स्कॅन पानं. आजची चेक चांगली येत असेल तर भाषा अडत नाही, लिपी आणि शुद्धलेखन अडतं. १८४० पर्यंतची बरीच पुस्तकं मोडक्या, टोकदार जर्मन वळणाच्या अक्षरांत आहेत. त्यांत शब्दातला ‘एस’ उंच, ‘एफ’सारखा दिसतो. दोन उंच ‘एस’ लागोपाठ आले तर तो ‘श’ वाचायचा. शुद्धलेखन तीन टप्प्यांत बदललं. १८१९ च्या सुमारास ‘त्स, स, झ’नंतरचे ‘आय’ आणि ‘वाय’ व्याकरणाप्रमाणे वेगळे केले. त्याआधी सर्रास ‘वाय’ होता. १८४२ मध्ये ‘य’साठीचा ‘जी’ जाऊन ‘जे’ आला आणि दीर्घ ‘ई’साठीचा ‘जे’ जाऊन मात्रा दिलेला ‘आय’ आला. १८४९ मध्ये ‘डब्ल्यू’चा ‘व्ही’ झाला आणि ‘ए-यू’चा ‘ओ-यू’.

संगणकावर मजकूर आजच्या शुद्धलेखनात बदलायचा असेल तर क्रम चुकवू नका. ‘जी-ई-जी-जे’ असा जुना शब्द घ्या. तो ‘येयी’ (तिचा) आहे. आधी सगळे ‘जे’ दीर्घ ‘आय’ करा, नंतर ‘जी’चे ‘जे’ करा. उलट केलंत तर नवे झालेले ‘जे’ही ‘ई’ होतील आणि शब्द निव्वळ स्वरांचा चिखल होईल. तीच गोष्ट ‘व्ही’ची. जुन्या छपाईत शब्दाच्या आरंभीचा ‘उ’ हा ‘व्ही’ने लिहायचे, म्हणून आधी आरंभीच्या ‘व्ही’ तपासून ‘यू’ करा, मगच ‘डब्ल्यू’ला ‘व्ही’ करा. हा टप्पा यंत्रावर सोडू नका. ‘ए-यू’ शब्दाच्या मध्ये असेल तर ‘ओ-यू’, आरंभी असेल तर बहुधा दीर्घ ‘ऊ’: हिशेबासाठीचा ‘ऊचेत’ पूर्वी ‘ए-यू’ने सुरू व्हायचा. पण ‘ना-उका’ (शास्त्र) मध्ये ‘ना’ हा उपसर्ग आहे, तिथे हात लावायचा नाही, आणि ‘आउतोर’सारख्या परक्या शब्दांतही नाही. खरा ‘ग’ लागला तर जुने छापखाने ‘जी’वर खूण करत. स्कॅनमध्ये ती खूण हमखास पुसट असते, तेव्हा परकी नावं हाताने तपासा.

चेक ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीचं नाव ‘क्रामेरिउस’च आहे. तिथे शोधताना मातृभूमीसाठीचा ‘व्लास्त’ एकदा ‘व्ही’ने आणि एकदा ‘डब्ल्यू’ने टाका, आणि ‘एस’ असलेला शब्द मिळाला नाही तर त्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा बघा. यंत्राने तो तसाच वाचलेला असतो.